आपत्काळातील अधिकाररचना : घटना-आदेश पद्धतीचे स्वरूप व मर्यादा

आपत्तीच्या प्रसंगी मनुष्यबळ व साधने अपुरी पडतात आणि म्हणून मदतकार्य विस्कळीत होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. साधने विपुल असूनही ती कोणाच्या आदेशाने वापरावयाची हे निश्चित नसेल, तर त्या विपुलतेचीच अडचण होऊ लागते. नित्याच्या कारभारात झाकून राहणारे संघटनेचे दोष आपत्काळी काही तासांतच उघडे पडतात.

दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० साली लागलेले वणवे हे याचे ठळक उदाहरण होय. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील १३ दिवसांत १६ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे ७०० इमारती भस्मसात झाल्या व पाच लाख एकरांहून अधिक क्षेत्र होरपळले. संघराज्याचे व राज्याचे वनखाते, परगण्यांची व शहरांची अग्निशामक दले अशा अनेक यंत्रणा एकाच वेळी झुंजत होत्या. त्यांच्या धैर्यात उणेपणा नव्हता. उणीव होती ती परस्परसंबंधांत. प्रत्येक दलाची बिनतारी संदेशव्यवस्था निराळी, पदांची व साधनांची नावे निराळी; आणि एकेका अधिकाऱ्यावर इतक्या जणांचा भार, की देखरेख अशक्य व्हावी. या अनुभवातून अमेरिकन काँग्रेसच्या आर्थिक साहाय्याने ‘फायरस्कोप’ हा प्रकल्प उभा राहिला आणि त्याच दशकात ‘घटना-आदेश पद्धती’ आकारास आली.

या पद्धतीत कार्याचे पाच विभाग कल्पिले आहेत : आदेश, प्रत्यक्ष कार्यवाही, नियोजन, रसद आणि वित्त व प्रशासन. सुरक्षा, जनसंपर्क व इतर संस्थांशी समन्वय पाहणारे अधिकारी थेट घटना-प्रमुखाच्या हाताखाली असतात. तथापि हे सर्व विभाग प्रत्येक वेळी उभारावेत, असा आग्रह नाही. लहानशा आगीत एकच अधिकारी सर्व कामे सांभाळतो. घटना वाढत जाईल तसतसे विभाग उघडले जातात व ती ओसरू लागताच मिटवले जातात.

या रचनेच्या मुळाशी प्रशासनशास्त्रातील दोन परिचित तत्त्वे आहेत. पहिले आदेशैक्याचे : प्रत्येकास एकच वरिष्ठ असावा. दुसरे नियंत्रण-कक्षेचे : एका अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाच, व्यक्ती असाव्यात. यांखेरीज एक तिसरे तत्त्व आहे व तेच व्यवहारात कठीण जाते. घटनेतील पद हे नित्याच्या हुद्द्यावर नव्हे, तर प्रशिक्षण व पात्रता यांवर अवलंबून असते. जो अधिकारी प्रथम पोहोचतो तो सूत्रे हाती घेतो; अधिक पात्र अधिकारी आल्यावर सर्व परिस्थिती सांगून ती रीतसर सोपवितो. जेथे अनेक यंत्रणांची अधिकारक्षेत्रे एकमेकांत गुंततात, तेथे त्यांचे प्रमुख ‘एकीकृत आदेशा’खाली एकत्र बसून एकच कृतियोजना ठरवितात.

भारतात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये ‘घटना प्रतिसाद प्रणाली’ची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मूळ पद्धतीचे हे केवळ भाषांतर नव्हे. जिल्ह्यात अंतिम उत्तरदायित्व जिल्हाधिकाऱ्याकडे राहते. घटनास्थळावरील सूत्रे तो घटना-प्रमुखाकडे सोपवितो. वित्त हा स्वतंत्र विभाग न राहता रसद विभागाची शाखा बनतो. राज्य, जिल्हा, उपविभाग व तालुका या पातळ्यांवर पथकांतील पदे आधीच नेमून ठेवावीत, अशी अपेक्षा आहे. ऐन प्रसंगी माणसे शोधण्याची पाळी येऊ नये, हा तिचा हेतू.

येथे एक मूलभूत आक्षेप विचारात घ्यावा लागतो. १९६३ साली ओहायो राज्य विद्यापीठात स्थापन झालेल्या आपत्ती-संशोधन केंद्राचे एक संस्थापक रसेल डाइन्स यांनी लष्करी वळणाच्या आदेश-नियंत्रणाच्या कल्पनेवर टीका केली. आपत्तीत समाज कोलमडून पडतो, हे तिचे गृहीतकच त्यांना अमान्य होते. संकटग्रस्त माणसे हातपाय गाळून बसत नाहीत. नवे गट आपोआप उभे राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा ढिगारे उपसण्यास पहिले हात लागले ते वाचलेल्या गावकऱ्यांचेच. अशा हातांना घटना-आदेशाच्या तक्त्यात जागा कोणती? याउलट, ग्रेगरी बिगली व कार्लीन रॉबर्ट्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की अग्निशामक दलात ही पद्धती ताठर राहत नाही. प्रसंगानुसार भूमिका बदलतात आणि निर्णयाचा अधिकार ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याच्याकडे सरकतो.

ही दोन मते दिसतात तितकी परस्परविरोधी नाहीत. परस्परांना ओळखणाऱ्या, एकत्र सराव केलेल्या दलात जे लवचीकपण येते, ते प्रथमच एकत्र आलेल्या खात्यांत केवळ तक्त्यामुळे येत नाही. म्हणून या पद्धतीचे यशापयश कागदावरील रचनेवरून नव्हे, तर आपत्तीपूर्वीच्या शांत काळात खात्यांनी व नागरिकांनी एकत्र किती सराव केला, यावरून जोखले पाहिजे.