बटण खराब नाही, निरोप चुकतोय!

बोईसरला डहाणू-चर्चगेट लोकल पकडली, की चर्चगेटपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ हातात असतो. एवढ्या वेळात मोबाइल बाहेर येणारच, पण आता एखाद्या बॅगेतून स्टीम डेक किंवा आरओजी अ‍ॅलायही निघतो. खिशातला नव्हे, पण मांडीवर मावणारा पूर्ण कम्प्युटर!

हा शौक स्वस्त नाही. अ‍ॅलाय २०२३ मध्ये भारतात आला, तेव्हा किंमत होती ६९,९९० रुपये. स्टीम डेक २०२२ मध्ये बाजारात आला, पण त्यात भारताचा नंबर नव्हता. त्यामुळे आपल्याकडचे डेक बहुतेक बाहेरून मागवलेले नाहीतर सेकंड हँड. वॉरंटीचा भरवसा शून्य. म्हणूनच ‘कंट्रोलर गेला’ असं म्हणत तो कुणाला उघडायला देण्याआधी किंवा पडेल त्या भावात विकण्याआधी हे वाचा.

लक्षणं ओळखीची असतील. स्टीमवरचा गेम मस्त चालतो. पण एपिकवर फुकट मिळालेला गेम डेस्कटॉप मोडमधून सुरू केला, की बटणं मुकी. उजव्या ट्रॅकपॅडने नुसता माउसचा बाण हलतो आणि आर२ दाबलं की क्लिक होतं. डेक बिघडला? अजिबात नाही.

घरातलं कुणी तारापूर एमआयडीसीत असेल, तर त्यांना विचारा. पॅनलवरचं बटण मोटर थेट फिरवत नाही. सिग्नल पीएलसीत जातो आणि त्याचं काय करायचं ते आतला प्रोग्राम ठरवतो. इथेही तेच. तुमचा अंगठा आणि गेम यांच्यामध्ये एक दुभाषा बसलेला असतो, त्याचं नाव स्टीम इनपुट. तो गेमला सांगतो, ‘समोर एक्सबॉक्सचा कंट्रोलर आहे.’ गेम स्टीमबाहेरून सुरू केलात, तर हा दुभाषा डेस्कटॉपची भाषा बोलत राहतो, म्हणजे माउस आणि कीबोर्ड.

मग करायचं काय? डेकवर डेस्कटॉप मोडमध्ये स्टीम उघडा आणि ‘अ‍ॅड अ नॉन-स्टीम गेम’मधून तो गेम लायब्ररीत घ्या. एपिकचे गेम हिरोइक लॉन्चरवरून चालवत असाल, तर त्यातच ‘अ‍ॅड टू स्टीम’ आहे. मग गेमिंग मोडमध्ये या, गेमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये ‘गेमपॅड’ लेआउट निवडा. झालं काम.

अ‍ॅलायवर विंडोज आहे, तिथला दुभाषा आर्मरी क्रेट. त्याचा कंट्रोल मोड ‘ऑटो’वर असेल आणि गेम ओळखला जात नसेल, तर स्वतःच ‘गेमपॅड’ करा. मात्र दोन दुभाषे एकाच वेळी बसवू नका. एकदा दाबल्यावर मेन्यू दोन घरं पुढे उडी मारत असेल, तर समजा दोघंही बोलताहेत. एकाला गप्प करा.

आणि मागची बटणं? मायक्रोसॉफ्टची एक्सइनपुट पद्धत २००५ च्या एक्सबॉक्स ३६० च्या काळातली. त्या कंट्रोलरला मागे बटणंच नव्हती, त्यामुळे गेमला ती दिसत नाहीत. डेकच्या एल४, आर५ वगैरेंना आधी एखादं काम नेमून द्यावं लागतं. उडी, रीलोड, काहीही. अंगठा दुखत असेल किंवा एका हाताला त्रास असेल, तर हीच सोय खेळणं शक्य करते.

एक लक्षात ठेवा, मॅपिंग म्हणजे जादू नाही. व्हॅलोरंटचं अँटी-चीट लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे डेकच्या मूळ स्टीमओएसवर कितीही बटणं जुळवा, तो गेम सुरू होणार नाही.

शेवटी सगळ्यात सोपी तपासणी. डेकवर स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘कंट्रोलर’खाली ‘टेस्ट डिव्हाइस इनपुट्स’ आहे. एकेक बटण दाबून बघा. स्क्रीनवर त्याची नोंद दिसली, तर बटण ठणठणीत आहे आणि तुमचे पैसे वाचले. नाही दिसली, तरच दुरुस्तीवाला गाठा.