हलक्या वजनाचे भारी दावेदार

माझ्या लहानपणी आमच्या खांब गावात मोठा वजनकाटा एकाच ठिकाणी होता, भाताच्या गिरणीत. एरवी त्याच्यावर पोती चढत आणि कबड्डीचे दिवस आले की आम्ही पोरे चढत असू. नागोठणे आणि कोलाडच्या मध्ये, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे आमचे गाव. रोहा-पेणच्या या पट्ट्यात कबड्डी म्हणजे जीव की प्राण. तिच्या वजनी गटाच्या स्पर्धा तेव्हाही होत, आजही होतात. पंचावन्न किलोच्या आत बसेल त्यानेच मैदानात उतरायचे.

एका वर्षी आमचा सर्वांत चपळ गडी दीड किलोने जास्त भरला. संघाचा कर्णधार मी. मी त्याला दोन दिवस जेवू दिले नाही. पाणीसुद्धा घोट-घोट दिले आणि घोंगडी पांघरून बांधावरून पळवले. वजन बसले. सामना सुरू झाला आणि दुसऱ्याच चढाईत तो मध्यरेषेपाशी कोसळला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो "गुण मिळाला का?" असा. त्या प्रश्नाने मला आजतागायत सोडलेले नाही.

हे सगळे आता आठवायचे कारण घरातच आहे. माझी पुतणी बॉक्सिंग शिकते. वय सतरा, वजन साडेएकोणपन्नास. तिला अठ्ठेचाळीस किलोच्या गटात उतरायचे आहे आणि त्यासाठी रात्रीचे जेवण बंद करायचे आहे. तिची आई रडकुंडीला आली, तिच्या बाबांनी सगळे माझ्यावर ढकलले. "काका, तुम्ही इतकी वर्षे वहीत निकाल लिहिता ना, मग सांगा. २०२८च्या ऑलिम्पिकला हलक्या गटांत आपल्याकडून पदक कोण आणील? आणि मी कुठल्या गटात जाऊ?" असे पोरीने विचारले. एका प्रश्नात तिने दोन प्रश्न घातले. उत्तर द्यायला मी वही काढून बसलो. त्या वहीत २०२५ अखेरपर्यंतचे निकाल आहेत.

इतिहास काय सांगतो?

ऑलिम्पिक बॉक्सिंगमध्ये भारताची पदके आजवर तीन. २००८मध्ये विजेंदर सिंग, २०१२मध्ये मेरी कोम आणि २०२१मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत लवलीना बोर्गोहेन. तिन्ही पदके कांस्य. यांतले हलक्या वजनाचे पदक एकच, मेरी कोमचे. पुरुषांत अखिल कुमार आणि जितेंदर कुमार बीजिंगला, तर देवेंद्रो सिंग लंडनला उपउपांत्य फेरीपर्यंत पोचले. तिघेही एक पाऊल आधी थांबले.

आशियाई पातळीवर मात्र आपली ही लहान चणीची मंडळी भल्याभल्यांना भारी पडली आहेत. १९९८मध्ये बँकॉकला मणिपूरच्या डिंको सिंगने ५४ किलोत सुवर्ण मिळवले. २०१८मध्ये जकार्ताला अमित पंघालने ४९ किलोच्या अंतिम लढतीत उझबेकिस्तानच्या हसनबॉय दुस्मातोव्हला हरवले. हा दुस्मातोव्ह रिओचा ऑलिम्पिक विजेता आणि पुढे २०२४मध्ये पॅरिसलाही सुवर्ण घेऊन गेला. पंघाल टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे पहिल्याच लढतीत हरला. गुणवत्ता होती, पण त्या नऊ मिनिटांत ती उतरली नाही.

नऊ मिनिटे म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पाच पंच प्रत्येक फेरीचे गुण देतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ. वजनदार गटात एका ठोशाने निकाल लागू शकतो. हलक्या गटात ते क्वचित घडते. तिथे पाय, नजर आणि ठोशांची संख्या बोलते, आणि पहिली फेरी गमावली तर भरून काढायला वेळ उरत नाही. आमच्या कबड्डीत शेवटच्या चढाईत डाव फिरतो, तसे इथे सहसा होत नाही.

मुलींचे पारडे जड

आता दावेदार. सप्टेंबर २०२५मध्ये लिव्हरपूलला जागतिक स्पर्धा झाली. तिथे आपल्या दोघींनी सुवर्ण मिळवले: ४८ किलोत मीनाक्षी हुडा आणि ५७ किलोत जास्मिन लांबोरिया. पुरुषांना एकही पदक मिळाले नाही.

माझ्या वहीत पहिले नाव जास्मिनचे. मुलगी उंच, हात लांब, प्रतिस्पर्ध्याला अंतरावर ठेवून खेळते. पॅरिसला ती पहिल्याच लढतीत बाद झाली होती. वर्षभराने लिव्हरपूलच्या अंतिम लढतीत तिने पोलंडच्या युलिया शेरेमेताला हरवले, जी पॅरिसची रौप्यविजेती. हरल्यावर खेळ बदलता येतो, हे तिने दाखवले, म्हणून माझा तिच्यावर भरवसा. भिवानीच्या या मुलीचे पणजोबा हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७०च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवले होते, तेही हेवीवेट गटात. घराणे वजनदार, पणती हलकी!

दुसरे नाव निखत झरीनचे. २०२२ आणि २०२३ अशी दोन जागतिक सुवर्णपदके तिच्या नावावर आहेत. पॅरिसला चीनच्या वू यूने तिला लवकर गाठले, आणि वू यूच पुढे विजेती ठरली. लिव्हरपूलला उपउपांत्य फेरीत तुर्कस्तानच्या बुसे नाझ चाकिरोग्लूने तिला हरवले. अनुभवात निखतचा हात धरणारी कोणी नाही. पण २०२८मध्ये ती बत्तिशीत असेल आणि हलक्या गटात वय सर्वांत आधी पायात जाणवते.

तिसरे नाव ५४ किलोतल्या प्रीती पवारचे. २०२३च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ग्रेटर नोएडाच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत सुवर्ण. त्या स्पर्धेत भारताने नऊ सुवर्णपदके मिळवली. पण तिथे प्रत्येक गटात स्पर्धक मोजकेच होते, म्हणून त्या यशाला मी थोडे कमी माप लावतो. तिथेच जदुमणी सिंग ५० किलोत आणि पवन बर्तवाल ५५ किलोत अंतिम फेरीपर्यंत गेले. पॅरिसला पुरुषांची पाच सुवर्णपदके नेणाऱ्या उझबेकिस्तानची भिंत ओलांडेपर्यंत पुरुषांच्या नावापुढे मी प्रश्नचिन्हच ठेवतो.

महाराष्ट्राचे काय, असे तुम्ही विचाराल. पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२मध्ये स्पेनला युवा जागतिक स्पर्धेत ५२ किलोत सुवर्ण मिळवले आहे. युवा गटातून वरिष्ठ गटात जाताना अनेकांची वाट अडते. पण मराठी मुलगी जगज्जेती होऊ शकते हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही, आमच्या घरात तर नाहीच.

काटा कुठे सुरू होतो?

आणि मग मीनाक्षीचे काय? इथेच माझ्या पुतणीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मीनाक्षी रोहतकजवळच्या रुरकी गावची, रिक्षाचालकाची लेक. लिव्हरपूलला तिने कझाकस्तानच्या नाझिम किझाइबायला हरवले, जी पॅरिसची कांस्यविजेती. ती जगज्जेती आहे, पण तिचा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. लॉस एंजेलिसला महिलांचा सर्वांत हलका गट ५१ किलोचा आहे. पुरुषांचे तर पाहा: रिओत ४९ किलोपासून सुरुवात, टोकियोत ५२, पॅरिसला ५१ आणि आता थेट ५५. पुरुषांचे दहा गट होते, ते सातवर आले. महिलांचे तीन होते, ते सात झाले. मुलींना जागा मिळाली हे चांगलेच झाले, पण सर्वांत लहान चणीच्या मुलांचे दार मात्र बंद झाले.

मेरी कोमपुढे हाच पेच होता. तिची सगळी जागतिक सुवर्णपदके ४५ ते ४८ किलोंच्या गटांतली. लंडनसाठी ती ५१ किलोत गेली, आपल्यापेक्षा थोराड मुलींशी लढली आणि कांस्य घेऊन आली. मीनाक्षीने हीच वाट धरली तर मी तिला दावेदार धरीन. पण मग घरातच तिची गाठ निखतशी पडेल, कारण एका गटात एका देशाची एकच.

वजन उतरवण्याचा खेळ किती निर्दय असतो हे २०२४मध्ये साऱ्या देशाने पाहिले. विनेश फोगट कुस्तीच्या अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि सगळे संपले. हौशी बॉक्सिंगमध्येही लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहावे लागते. स्पर्धा जितके दिवस चालेल तितक्या वेळा उपास. सुकवलेले शरीर पहिल्या लढतीत कदाचित साथ देते, पण चौथ्या लढतीत ते उसने मागायला लागते.

परवा रात्री मी पुतणीला समोर बसवले आणि वही दाखवली. "ज्या गटासाठी तू उपाशी राहणार, तो गट तुझ्या स्वप्नातल्या स्पर्धेत नाहीच. तू अजून वाढतेयस. तुला दीड किलो कमी करायचे नाही, दीड किलो वाढवायचे आहे. तेही ताकदीचे, सावकाश."

"आणि एक्कावन्नमध्ये मला मोठ्या मुली भेटल्या तर?"

"भेटतीलच. मेरीलाही भेटल्या होत्या."

मग मी तिला गिरणीतल्या काट्याची आणि मध्यरेषेपाशी कोसळलेल्या त्या गड्याची गोष्ट सांगितली. घरात ती मी कधी कुणाला सांगितली नव्हती. तिने गप्प राहून ऐकली. शेवटी विचारले, "काका, त्याला गुण मिळाला होता का?"

"नाही गं," मी म्हटले.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने आतून तिच्या आईचा आवाज आला, "अगं, भाकरी गरम करून देते, थांब." माझ्या वहीतले दावेदार २०२८मध्ये काय करतील ते करोत, आमच्या घरचा निकाल त्या रात्री लागला.