साडेपाचचा ‘साडे’

मुलगा लंडनला, मुलगी न्यू जर्सीत आणि आईवडील गंगापूर रोडला. नाशिकच्या अशा घरांत ‘तिकडे आता किती वाजले?’ हा रोजचाच प्रश्न. त्याचं देखणं यांत्रिक उत्तर जिनिव्हाच्या लुई कोतिए या घड्याळजीने १९३१ मध्ये शोधलं. काट्यांभोवती २४ तासांचं फिरतं कडं, त्याबाहेर शहरांची नावं. आपलं शहर बाराच्या आकड्यापाशी आणलं, की साऱ्या जगाची वेळ समोर. ना बॅटरी, ना इंटरनेट!

पंचाईत आपलीच. पूर्ण तासांच्या २४ घरांत भारताचा साडेपाचचा ‘साडे’ मावत नाही. व्हॅशरॉन कॉन्स्टन्टिनने २०११ मध्ये ३७ कालविभागांचं घड्याळ काढलं. त्यात अर्ध्या-पाऊण तासांनाही मान मिळाला.

हा ‘साडे’ १९०६ पासूनचा. मुंबईने मात्र ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढचा आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाही. हट्ट अगदीच अनाठायी नव्हता: नाशिकमध्येही सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी.

एवढी महागडी घड्याळं परवडत नसतील, तर दुपारी चारला साधं काट्यांचं घड्याळ उलटं धरा. साडेदहा दिसतील, हिवाळ्यात लंडनची वेळ तीच. उन्हाळ्यात तेवढा एक तास मिळवा.