डूलॉखची वाट आणि भुकेचे गवत

बटाट्यावरील करपा रोगामुळे १८४५ मध्ये सुरू झालेल्या आयर्लंडच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली, आणि शंभर वर्षांनी आयरिश लोकसाहित्य आयोगाने, म्हणजे मौखिक परंपरा नोंदवण्यासाठी १९३५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने, गावोगावच्या वृद्धांकडून त्याच्या आठवणी टिपून घेतल्या. पश्चिमेकडील मेयो परगण्यात डूलॉख खोऱ्याची आठवण आजही तीव्र आहे : मार्च १८४९ च्या अखेरीस लुईसबर्गच्या भुकेल्या लोकांना मदतीसाठीच्या तपासणीकरिता पंधरा किलोमीटरांहून दूर असलेल्या डेल्फी लॉज येथे हजर राहण्यास फर्मावले गेले आणि त्या पायपिटीत कित्येक जण दगावले. मृतांची संख्या लोकपरंपरा शेकड्यांत सांगते, तर तत्कालीन वृत्तपत्रातील पत्रात ती बरीच कमी आढळते. तथापि एवढ्यावरून लोकस्मृतीला खोटे ठरवणे अन्यायाचे होईल, कारण उपाशी माणसांना असे चालायला लावल्याचा तिचा मूळ आरोप त्या पत्रातूनही पुढे येतो. ‘भुकेचे गवत’ ही समजूतही अनेक ठिकाणी दुष्काळाशी जोडली गेली : भुकेने माणूस जिथे कोसळून मेला, तेथील गवतावर पाय पडताच चालणाऱ्याला अकस्मात भूक लागून ग्लानी येते, असे मानले जाई आणि म्हणून वाटसरू खिशात पावाचा तुकडा बाळगत.