हिरवळीखालचे गोडे पाणी

जुलैत एखादा दिवस असा येतो, की अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर चोवीस तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. अमेरिकेतल्या लास वेगासला एवढा पाऊस मिळायला अख्खे वर्ष लागते. आपल्याकडे वर्षाकाठी 2,000 मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे त्या शहराच्या जवळजवळ वीसपट. तरीही मे महिन्यात किनाऱ्यावरच्या कितीतरी विहिरी तळ गाठतात, काहींचे पाणी मचूळ होते. आणि वाळवंटातले ते शहर पाणी वाचवण्यासाठी काय करते? घरापुढचे गवत काढून टाकणाऱ्याला रोख पैसे देते!

तिथल्या जल प्राधिकरणाने ही योजना 1999 मध्ये सुरू केली. लॉन काढून तिथे कमी पाण्याची झाडे लावायची आणि चौरस फुटामागे ठरलेली रक्कम घ्यायची. आजवर 20 कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ अशी हटली आहे. प्राधिकरणाने घरोघर मीटर लावून मोजले, तेव्हा एक चौरस फूट लॉन वर्षाला सुमारे 276 लिटर पाणी पिते आणि वाळवंटी बाग फक्त 65 लिटर, असे दिसले. नुसती खडी पसरून मात्र पैसे मिळत नाहीत. ठिबक हवे आणि झाडे वाढल्यावर निम्मी जागा त्यांनी झाकलेली हवी. 2021 मध्ये नेवाडा राज्याने कायदाच केला, की 2026 संपल्यावर निव्वळ शोभेच्या सार्वजनिक आणि व्यावसायिक हिरवळींना कोलोरॅडो नदीचे पाणी द्यायचे नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. मार्च 2020 मध्ये मुंबई-मांडवा रो-रो बोट सुरू झाली, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. मांडवा, आवास, किहीम, नागावपर्यंत शनिवार-रविवारची घरे वाढली आणि त्यांच्यापुढे लॉनही आले. त्या लॉनचा हिशेब कोणालाही करता येतो, कारण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिलचे ऊन आणि खारा वारा रोज पाचेक मिलिमीटर पाणी उडवतात. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला दिवसाला 500 लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे रोजचे 55 लिटर धरले आहेत. एका गुंठ्याचे गवत नऊ माणसांचे पाणी पिऊन टाकते!

हे पाणी येते बोअरवेलमधून, आणि किनाऱ्याच्या जमिनीखाली तर खरे नवल दडले आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे वाळूत मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा तरंगत राहतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचे गणित मांडले: समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर असेल, तर खाली ते खाऱ्याला सुमारे 40 मीटरपर्यंत दाबून धरते. हेच गणित उलटे वाचा. वरचे गोडे पाणी उपसून एक फूट उतरवले, की कालांतराने खारे पाणी खालून 40 फुटांपर्यंत वर चढू शकते. जमिनीचा थर पाहून आकडा बदलेल, दिशा बदलणार नाही. एका बंगल्याचा पंप शेजारच्या वाडीची विहीर मचूळ करू शकतो तो असा.

या जमिनीला पावसानंतरचे आठ कोरडे महिने नवे नाहीत, आणि इथल्या झाडांनाही नाहीत. मर्यादवेल तापल्या वाळूवर पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडत पसरते, वाळू धरून ठेवते आणि वर जांभळी-गुलाबी फुले देते. उंडीची जाड, चकचकीत पाने खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाहीत. सुरंगी उन्हाळ्याच्या तोंडाशी थेट फांद्यांवर फुलून येते. करवंदाला कोणी पाणी घालत नाही, तरी मे महिन्यात जाळी काळ्या फळांनी भरते. हरळीची पाने उन्हाळ्यात वाळतात, पण मुळे मातीत जिवंत राहतात आणि पहिल्या सरीला पुन्हा फुटतात. भातानंतर पेरलेला वाल तर शेतात उरलेल्या ओलीवर वाढतो. मडक्यात भाजलेल्या पोपटीतल्या वालाच्या शेंगा त्याच ओलीच्या. रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागते, हे खरे. पण आळे करून वर पातेऱ्याचा जाड थर दिला, तर तेही थोडक्यात भागते.

मग लॉनच्या जागी अशी झाडे लावण्यासाठी पैसे का देऊ नयेत? झाडे लावायला अनुदान देणे महाराष्ट्राला नवे नाही. 1990 मध्ये रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनींवर आंबा-काजू उभे राहिले. 2018 च्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणातल्या शेतकऱ्याला दहा गुंठ्यांपासून लाभ ठेवला, यादीत कोकम, फणस, जांभूळ घेतले आणि अनुदान तीन वर्षांत, झाडे जगलेली पाहून द्यायचे ठरवले. पुणे महापालिका पर्जन्यजलसंचय, सौरऊर्जा, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत देते. म्हणजे झाड जगल्यावर पैसे आणि पाणी वाचवल्यावर करात सूट, ही दोन्ही तत्त्वे आपल्याकडे रुजलेली आहेत. त्यांची सांगड तेवढी घालायची आहे.

लॉन काढून उंडी, सुरंगी, कोकम लावणाऱ्याला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात ती झाडे जिवंत दाखवणाऱ्याला घरपट्टीत सूट मिळायला हवी. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा आणि सरकारने त्यांना पाठबळ द्यावे. ज्यांच्या अंगणात आज लॉन आहे त्यांनी तोवर थांबू नये. येत्या जूनपूर्वी निम्मे गवत काढा, आळी खणून ठेवा आणि पहिल्या पावसात गावच्या मातीतली झाडे लावा. तुमच्या जमिनीखालचे गोडे पाणी साऱ्या गावाचे आहे.