बिबट्याच्या शेजारात वावरताना

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या उत्तरेला आरे दुग्धवसाहत पसरली आहे. 1949 साली वसलेली ही वसाहत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्याने बिबटे दोन्हीकडे फिरतात. उद्यान आणि आरे मिळून 2015च्या कॅमेरा-गणनेत 35 बिबटे आढळले. अंगावरच्या ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधून डाव्या-उजव्या कुशीची छायाचित्रे घेतात व ती पडताळून बिबटे मोजतात.

वस्तीच्या कडेला बिबट्याला हमखास मिळणारे भक्ष्य म्हणजे भटकी कुत्री, आणि कुत्री जमतात उकिरड्यावर. त्यामुळे पाड्यावरची पहिली खबरदारी म्हणजे कचरा वेळेवर उचलणे. शेळ्या-कोंबड्यांचे खुराडे वरूनही बंद हवे, कारण बिबट्या सहज चढतो.

बिबट्या दबा धरून, बहुधा मागून झडप घालतो. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो. बसलेला किंवा वाकलेला माणूस आणि लहान मूल यांना धोका अधिक. ऑक्टोबर 2022 मध्ये दिवाळीच्या पहाटे आरेत दीड वर्षाचीही नसलेली मुलगी हल्ल्यात दगावली. उघड्यावर शौचाला बसणेही म्हणूनच घातक. घराजवळ दिवा असलेले शौचालय ही पाड्यांची खरी निकड आहे. अंधारात जाताना बॅटरी व काठी घ्यावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावे, मुलांना मध्ये ठेवावे. सप्टेंबर 2021 मध्ये ओट्यावर बसलेल्या एका वयस्क महिलेवर बिबट्याने मागून झेप घेतली, तेव्हा हातातल्या काठीनेच तिने त्याला परतवले.

समोरासमोर गाठ पडलीच तर पळू नये, खाली वाकू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे आणि मुलाला उचलून घ्यावे.

बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजऱ्याची मागणी करण्यात शहाणपण नाही. एक बिबट्या हलवला की रिकाम्या हद्दीत दुसरा येतो, आणि परक्या जागी सोडलेला बिबट्या बिथरतो. वस्तीत अडकलेला बिबट्या दिसल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. पथक येईपर्यंत त्याच्याभोवती गर्दी करू नये, दगड मारू नयेत आणि जंगलाकडची वाट मोकळी ठेवावी.