आधी साथ, मग बातमी

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारच्या पानठेल्यावर आजही कोरोनाचा विषय निघाला की तारखांवरून वाद होतो. तो कधी आला, कोणी आणला, कशानं वाढला, कशानं गेला. प्रत्येकाकडं आपापलं उत्तर असतं, आणि बहुतेक उत्तरांत एकच घोळ असतो: बातमीची तारीख हीच आजाराची तारीख धरलेली असते. विषाणूचं पंचांग वेगळं. ते वर्तमानपत्राच्या दोन-तीन आठवडे पुढं चालतं.

गैरसमज : पहिला पेशंट सापडला तेव्हा कोरोना अमरावतीत आला

अमरावती शहराच्या हाथीपुरा भागातल्या एका माणसाचा 2 एप्रिल 2020 ला मृत्यू झाला. त्याला कोरोना होता हे 4 एप्रिलला आलेल्या अहवालातून कळलं. जिल्ह्याच्या नोंदीत हा पहिला रुग्ण.

आता उलटं मोजू. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाचेक दिवस लागत. ज्यांचा आजार जिवावर बेतला त्यांच्यात लक्षणांपासून मृत्यूपर्यंत बहुधा दोनेक आठवडे जात, कधी जास्त. म्हणजे लागण मार्चच्या मध्याच्या आसपासची, 22 मार्चच्या जनता कर्फ्यूत थाळ्या वाजल्या त्याच्याही आधीची असणार. शिवाय लागण झालेल्या शंभरांत एखादा दगावतो असं ढोबळमानानं धरलं, तर एका मृत्यूमागं कळत-नकळत लागण झालेले कितीतरी जण असतात. एकाच मृत्यूवरून नेमका आकडा काढता येत नाही. पण ‘एकच होता’ हे काही पटण्यासारखं नाही.

मग बाकीचे दिसले का नाहीत? कारण कोणी शोधतच नव्हतं. सुरुवातीला तपासणी होई ती परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्यांची. श्वसनाच्या तीव्र आजारानं दवाखान्यात भरती झालेल्या सगळ्यांची तपासणी करा, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं सांगितलं ते 20 मार्चला. त्यात अमरावतीचे नमुने बाहेरगावी जात. संत गाडगेबाबा विद्यापीठाची प्रयोगशाळा सुरू झाली मे महिन्यात. तेव्हा 4 एप्रिल ही तारीख विषाणूच्या आगमनाची नव्हे, आपल्याला त्याची खबर लागल्याची.

गैरसमज : गावबंदी केली म्हणून गाव वाचलं

यात निम्मं खरं आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये खेड्याखेड्यांच्या शिवेवर बोरीच्या काट्या टाकल्या होत्या, कुठं बैलगाडी आडवी लावली होती. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोराला स्वतःच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस काढावे लागले. खेड्यांत साथ उशिरा पोचली, हे खरं. पण ती थांबली नाही, लांबली. लांबण्यालाही मोल होतं: तोवर जिल्ह्यात प्रयोगशाळा उभी राहिली, ऑक्सिजन द्यायचा कधी आणि स्टेरॉइड द्यायचं कोणाला हे डॉक्टरांना उमगलं.

काट्या ओलांडून साथ आत आली ती परक्या माणसासोबतच आली असंही नाही. दवाखान्यात जाऊन आलेला सासरा, मौतीला जाऊन आलेली आत्या. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पण तेरवीची पंगत मोजायला कोण बसणार होतं?

गैरसमज : “पंचेचाळीसच्या उनात थो काय टिकते?”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कोणाचं म्हणून सांगू! वऱ्हाडातलं ऊन माणसाला जिथं उभं राहू देत नाही, तिथं विषाणूची काय कथा, असा तो तर्क. कडक उन्हात उघड्या पृष्ठभागावरचा विषाणू लवकर निकामी होतो, एवढं बरोबर. पण आपण उन्हात उभं राहून एकमेकांना लागण देत नव्हतो. मे 2020 च्या शेवटी अकोल्याचा पारा 47 अंशांच्या वर गेला, आणि तेव्हाच अकोला शहर राज्याच्या रेड झोनच्या यादीत होतं. ऊन जितकं कडक, तितकी माणसं घरात, पडदे ओढून, एका खोलीत.

इथं आपल्या कूलरची गोष्ट सांगायला हवी. खिडकीत बसवलेला, वुडवूलच्या किंवा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी उघडी असेल तर आतली हवा निघून जाते आणि खोली धुतल्यासारखी होते. पण ‘गारवा पळतो’ म्हणून आपण तीच खिडकी लावून घेतो. आणि कूलर खोलीच्या आतच ठेवला असेल तर तो आतलीच हवा फिरवत राहतो, खोकल्यासकट.

गैरसमज : फवारणीनं गाव निर्जंतुक झालं

पिकावर फवारायच्या पंपांनी रस्त्यांवर आणि भिंतींवर सोडियम हायपोक्लोराइट मारलं गेलं. माणसांवर फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं एप्रिल 2020 मध्येच सांगितलं होतं. रस्ते फवारून उपयोग नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे महिन्यात. हवेतून पसरणाऱ्या आजारासाठी आपण डांबरी रस्ता धुतला. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

गैरसमज : लॉकडाऊन उठवला म्हणून लाट आली, लावला म्हणून गेली

सगळ्यात भांडण याच गोष्टीवर, म्हणून जरा थांबतो.

जून 2020 मध्ये ‘मिशन बिगीन अगेन’ सुरू झालं, निर्बंध टप्प्याटप्प्यानं सैल झाले. पहिल्या लाटेचा माथा आला सप्टेंबरमध्ये. दिवाळीत बाजार फुलले, आता लाट येणार म्हणून लोक घाबरून बसले होते. आणि रुग्ण मात्र कमी होत गेले. 15 जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, लग्नसराई धडाक्यात चालली, आणि फेब्रुवारीत अमरावती एकदम देशाच्या बातम्यांत आली. 20 फेब्रुवारीला शनिवार-रविवारचा बंद लागला. लगेच 22 तारखेपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याचा लॉकडाऊन पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी जाहीर केला, आणि तो पुढं वाढलाही. अचलपूर म्हणजे चांदूर बाजारकरांचं शेजारघर.

दार उघडलं की लाट, लावलं की शांतता, असा सरळ हिशेब असता तर दिवाळीनंतरच भडका उडायला हवा होता. निवडणुकीच्या गर्दीनं हातभार लावला नाही असं नाही. पण गर्दीचा परिणाम आकड्यांत उतरायला दोन आठवडे लागतात, बंदचाही तेवढेच. म्हणून बंद लागल्यावर पहिल्या आठवड्यात आकडे वाढले की लोक म्हणाले, ‘काही उपयोग नाही’. आणि मार्चमध्ये उतरले तेव्हा जो तो श्रेय घ्यायला पुढं. प्रत्यक्षात बंदनं वेग कमी केला, धास्तावलेल्या लोकांनी आपणहून भेटीगाठी कमी केल्या, आणि ज्यांना होऊन गेला होता ते काही काळ विषाणूच्या वाटेतून बाजूला झाले. यातला कोणाचा वाटा किती, हे वाटून देणाऱ्या माणसावर माझा तरी विश्वास नाही. पुढं 9 मे 2021 पासून जिल्ह्यात पुन्हा कडक बंद करावा लागला.

‘दुसरी लाट सौम्य असते’ हीसुद्धा तेव्हाची समजूत. तिला उत्तर आपल्याच प्रांताच्या इतिहासात होतं. 1918 च्या जूनमध्ये मुंबईत आलेला इन्फ्लुएन्झा आधी फार जीवघेणा नव्हता. पावसाळा सरता सरता परतला तो काळ होऊन, आणि रेल्वेच्या वाटेनं देशात आत शिरला. मराठी मुलखात त्याला मानमोडी म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हजारांमागे पन्नासाहून जास्त माणसं गेली; ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांत हे प्रमाण सर्वाधिक होतं.

गैरसमज : डबल म्युटंट अमरावतीत जन्मला

फेब्रुवारी 2021 मध्ये ‘अमरावती स्ट्रेन’ हे नाव टीव्हीनं देशभर केलं. तपासलेल्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ब्राझीलमधले प्रकार नाहीत, असं राज्य सरकारनं तेव्हा स्पष्ट केलं होतं. मार्चच्या अखेरीस केंद्रानं राज्यातल्या नमुन्यांत आढळलेले दोन बदल सांगितले, ई484क्यू आणि एल452आर. बदल दोनच होते असं नाही. ‘डबल म्युटंट’ हे नाव तेवढं चिकटलं. त्या वंशाचे नमुने भारतात 2020 च्या ऑक्टोबरपासूनचे आहेत. विदर्भात रुग्ण वाढले म्हणून इथले नमुने जास्त तपासले गेले आणि तो इथं दिसला. जिथं दिवा लावला तिथं तो सापडला. अंधारात किती होता ते कोणी पाहिलं? 31 मे ला जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या उपप्रकारांना कप्पा आणि डेल्टा अशी नावं दिली, ती नेमकी कुठल्याही गावाला असा डाग लागू नये म्हणून.

गैरसमज : दुसऱ्या लाटेनंतर तरी शास्त्र पाहून उघडलं

जून 2021 मध्ये राज्यानं पाच स्तर आखले. आठवड्याचा पॉझिटिव्हिटी दर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा पाहून दुकानांच्या वेळा ठरू लागल्या. तारखेऐवजी मोजमापावर उघडणं, हे आधीपेक्षा शहाणपणाचं होतं. पण मोजायचा घटक जिल्हा. दहा लाखांवरच्या महापालिका तेवढ्या वेगळ्या, आणि अमरावती शहर 2011 च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आत. त्यामुळे चांदूर बाजारचं कापडदुकान किती वाजता बंद करायचं, हे अमरावतीच्या राजकमल चौकातल्या आणि मेळघाटातल्या तपासण्यांच्या एकत्र सरासरीवर ठरत होतं.